खाच

शेवंती गिरप खुर्चीत बसली ती तोंड मिटूनच.
आधी पदर, मग तळवा, मग ओठ,
अशी तीन दारं उघडली तेव्हा दिसले
समोरचे दोन दात.

डावा धड. उजव्याच्या कडेला खाच,
तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढी.
आणि दोघांच्याही पोटावरून, एकाच उंचीला,
राखाडी-तपकिरी पट्टा,
ओहोटीला धक्क्याच्या खांबांवर राहतो तसा.

"अडीच-तीन वर्षांची असशील," मी म्हटलं,
"मोठा ताप आला होता?"
ती बघतच राहिली.
दात हिरडीआड घडत असतो
तेव्हा रक्तात जे औषध फिरतं ते त्याच्यात मुरतं,
थरासकट. ब्रशने जात नाही, मीठ-कोळशाने जात नाही.
"आवस सांगी," ती म्हणाली,
"होडयेतसून वेंगुर्ल्याक आणलेली माका.
पिवळी गोळी, मधातसून."

खाच मात्र तिची स्वतःची कमाई.
नायलॉनचा दोरा, गाठ, दातात धरायचा, हिसका.
चोवीस वर्षांत किती गाठी
हा हिशेब तिने ठेवला नव्हता.

धाकटीच्या साखरपुड्यात फोटोवाला म्हणाला, मावशी, हसा.
अकरा फोटोंत तळवा आहे.

मी रंगांची फणी काढली. सोळा दात ओळीने,
सोळांत तिचा एकही नाही.
दात पांढरा नसतोच.
मुळाशी मधासारखा, पोटात सायीसारखा,
टोकाला निळसर काच,
मागचा काळोख जरासा दिसू देणारी.
सुकला की खोटं बोलतो, म्हणून ओला असतानाच बघायचा,
पाच मोजेपर्यंत, मग डोळे निळ्यावर न्यायचे.
(समोरच्या कौलांवरची ताडपत्री त्या कामी बरी पडते.)
दुपारचा उजेड नको, समुद्रावरून येतो तो चुना फासतो.
संध्याकाळचा जांभ्याच्या गडग्यावर आपटून तांबडा होतो.
साडेदहाचा हवा. तेवढ्यात लाईट गेले,
तर खुर्चीवरून उठवून तिला खिडकीत उभी केली,
जबडा धरून, म्हैस पारखावी तशी.
दोघीही हसलो. तिचा हात वर गेला.

"पट्टा पण झाकू?"
झाकता येतो. पण थर जाड लागतो,
मग उजेड आत शिरत नाही, दात भिंत होतो.
शिवाय शेजारचा धड दातही कानशीने उतरवायचा.
"नको गे. तोंडात कवडी लावल्यान म्हणतले.
माका माझोच होयो."

माझोच. म्हणजे कुठला?
लग्नाच्या फोटोत ओठ मिटलेले.

इन्व्हर्टरवर निळा दिवा. वीस सेकंद, थर, वीस सेकंद.
कडेपाशी थांबलं तर जोड दिसतो,
वर चढवलं तर पट्टा बुजतो.
वर चढवलं.
मग सुईच्या टोकावर तपकिरी रंग घेऊन
श्वास धरून पट्टा पुन्हा ओढला.
त्रेचाळीस वर्षांच्या बाईला
तिचा तिसऱ्या वर्षाचा ताप परत दिला.

नवव्या दिवशी ती दारात. माझ्या पोटात गोळा.
दात जागेवर होता. जोड मलाही शोधावा लागला.
"दात बरो आसा," चप्पल काढत ती म्हणाली,
"पण दोरो ऱ्हवना नाय.
थंय बसायचो ना तो, खाचेत. आता निसाटता."

मी दात वाचवला, धार घालवली.
परीक्षेत हे विचारलं नव्हतं.
टाके कापायची जुनी कातर होती,
पट्टीच्या कापडाची दोरी करून तिच्या गळ्यात घातली.
"दातान तोडू नको हां."
"नाय गे."

परवा बंदरावर दिसली, जाळ्यात मांडी घालून.
कातर मंगळसूत्राशेजारी, लखलखीत.
दोरा दातात.
डाव्या.